दुकानाचा फोटो

मामाचं केस कापायचं दुकान होतं, आणि त्याचा हात चालायचा त्याच्या दुप्पट त्याचं तोंड चालायचं. अर्धं डोकं उरकलं की तो गोष्ट अशा जागी आणून सोडायचा की गिऱ्हाईक खुर्चीतून उठायचं नाव काढत नसे. "लोक केस कापायला येतात की तुझं ऐकायला?" असं मामी विचारायची. "केस काय, कुणीही कापतं," तो म्हणायचा.

आई गेल्यावर भाची त्याच्याकडेच वाढली. किडमिडीत होती म्हणून त्याने तिचं नाव पिंगी पाडलं, ते घरादाराला चिकटलं. पुढे ती कम्युनिकेशन डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासाला दुसऱ्या शहरात गेली. तिथे प्रबंधाचा विषय ठरवायची घाई चाललेली असताना मामीचा फोन आला. मामाच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती.

जीव वाचला. उजवा हात गेला, आणि वाचा गेली. समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं कळे, पण स्वतः बोलायला गेला की तोंडातून एकच निघे, "मग काय." भूक लागली, मग काय. उशी टोचतेय, मग काय. ओळखीचं गिऱ्हाईक भेटायला आलं की तोच शब्द इतक्या रंगात यायचा की क्षणभर वाटे, आता गोष्ट सुरू होणार. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत जाई, आणि गिऱ्हाईक घाईघाईने चप्पल शोधू लागे.

पिंगीने विषय बदलला. बोलता न येणाऱ्या माणसासाठी चित्रांची कार्डं.

तिच्या मार्गदर्शक बाईंना ते पटलं नाही. "घरचा माणूस विषय म्हणून घेऊ नकोस."

"का?"

"आपल्या अभ्यासात करून बघत शिकायचं असतं. वस्तू बनवायची, माणसाच्या हातात द्यायची, तो कुठे अडतो ते बघायचं, पुन्हा बनवायची. तो अडला तर तू शांतपणे बघत बसशील? तुझा मामा आहे तो."

"बसेन," पिंगी म्हणाली.

पहिला संच देखणा झाला. बारीक रेघा, भरपूर मोकळी जागा. वर्गात सगळ्यांनी वाखाणला. मामाने कपाचं कार्ड उलटसुलट केलं आणि डाव्या हाताने गालाला फेस लावायची खूण केली. त्याला ते दाढीचं भांडं वाटलं होतं. मामी खो खो हसली, मामाही हसला. पिंगीने डोळे पुसत चित्रं बाजूला ठेवली.

दुसऱ्या संचात तिने घरातल्याच वस्तूंचे फोटो घेतले. त्याचाच टवका उडालेला कप, त्याचीच चादर, मामीचा चेहरा. हे लागू पडलं. खिडकीच्या फोटोवर बोट ठेवून त्याने खिडकी उघडून घेतली, त्या दिवशी मामी शेजारीपाजारी सांगत सुटली. पिंगी सुट्टी मिळेल तशी येई, कॅमेरा लावून बसे, कार्डं लहानमोठी करून पाही. काम जमत चाललं होतं. तेच नडलं.

एका दुपारी त्याने पाण्याच्या तांब्याकडे मान वळवली. पिंगीने कॅमेरा सुरू केला. "मामा, कार्ड दाखव."

"मग काय," तो म्हणाला.

"असं नाही. कार्डावर बोट ठेव ना. कालच तर दाखवलंस."

त्याचा हात कार्डांवरून भरकटत राहिला. ओठ कोरडे पडले होते. मामी स्वयंपाकघरातून आली, तिने तांब्या उचलून त्याला पाणी पाजलं, आणि मगच तोंड उघडलं. "तहान लागलीय त्याला. परीक्षा नाही द्यायचीय."

पिंगीने कॅमेरा बंद केला. पुन्हा त्या घरात तो लावला नाही.

मग ते दुकानाच्या फोटोचं सुरू झालं. संचात दुकानाच्या बंद शटरचा एक फोटो होता. मामा रोज त्यावर बोट ठेवायचा. जायचं असेल म्हणून त्याला चाकाच्या खुर्चीतून नेलं, तर त्याने आरशाकडे बघितलंही नाही; परत आल्यावर बोट पुन्हा त्याच फोटोवर. पिंगीने दुकानातल्या खुर्चीचा, कात्रीचा, जुन्या गिऱ्हाइकांचा फोटो काढून आणला. मामा एकेक कार्ड सरकवून द्यायचा.

"दुकान विकू नका म्हणतोयस?" मामीने विचारलं. त्याने मान हलवली, नाही.

"कुणाला द्यायचंय?" नाही.

"तिथे काही राहिलंय का?" यावर त्याने तिच्याकडे एवढ्या आशेने पाहिलं की दोघींनी दुकान कोपरान् कोपरा धुंडाळलं. आणलेली प्रत्येक वस्तू पाहून त्याने मान फिरवली. शेवटी तो भिंतीकडे तोंड करून रडला.

थंडी सरता सरता दुसरा झटका आला आणि मामा गेला. त्याला काय सांगायचं होतं ते कुणाला कळलं नाही.

प्रबंधात ते प्रकरण वगळ, असं मार्गदर्शक बाईंनी सुचवलं. "बाकीचे निष्कर्ष चांगले आहेत. तू ज्या इतर रुग्णांकडे गेलीस, त्यांनाही घरच्या फोटोंची कार्डं उपयोगी पडली आहेत. हे कशाला?" पिंगीने ते ठेवलं. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं.

"म्हणजे इथे तुमची कार्डं अपयशी ठरली?"

"हो."

"आज ती पुन्हा बनवायची असती तर तुम्ही काय बदललं असतं?"

"माहीत नाही," पिंगी म्हणाली. "जे मला सुचलं त्याचीच कार्डं मी करू शकले. त्याच्या मनातलं मला सुचलं नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि प्रबंध मिटला.

पदवी मिळाली. पिंगीने बाहेरच्या जिन्यात बसून मामीला फोन लावला. मामीने आधी जेवलीस का ते विचारलं, मग निकाल विचारला.

"मामी, तो काय म्हणत होता गं?"

पलीकडे मामीने नाक ओढलं. "इतकी वर्षं अखंड बोलत होता, पिंगे. तेव्हा तरी मी सगळं कुठे ऐकलं? अर्ध्या वेळी भाजी करपेल म्हणून उठून जायचे."

जिन्यातून मुलं हसत खाली उतरत होती. तिने पाय जवळ घेऊन त्यांना वाट दिली. मामी म्हणाली, "ये इकडे. एकटीसाठी स्वयंपाक करवत नाही गं मला."

संध्याकाळच्याच बसने ती निघाली.