सातव्या महिन्याचा फोटो

"पदर खाली वढ. आजून. हां, आता धनुष्य आडवं धर, पोटाच्या म्होरं. आन हालू नको."

साळुबाईंनी दोन पावलं मागे येऊन पाहिलं. मग पुन्हा पुढे होऊन वैजंताच्या निऱ्या एका अंगाला सारल्या, मोगऱ्याच्या कळ्यांचा बाजूबंद सरळ केला आणि तिची हनुवटी बोटाने थोडी उचलली. कॅमेऱ्यामागे साळुबाईंचे यजमान चांगदेव उभे होते. बायकांना हात लावून बसवायचं, सजवायचं काम साळुबाईंचं. त्यांनी मान हलवली की चांगदेवांनी बटण दाबायचं. नारायणगावच्या स्टँडमागल्या त्या स्टुडिओत वीस वर्षं हीच रीत होती.

बाकावर वैजंताची सासू ठमाबाई बसली होती. पारगावहून जीपने आली होती, मांडीवर ओटीचं ताट धरून.

"आमच्या टायमाला कसलं धनुष्य आन कसलं काय," ती म्हणाली. "खुरपं हातात व्हतं तवा हिचा दादला, अमृत, झाला मला."

"मग बसा की आज तुमी. चंद्रावर बसवते तुमाला," साळुबाई म्हणाल्या.

"नगं बाई. चंद्र मोडंल ह्यांचा."

वैजंता हसली. चांगदेवांनी हळूच म्हटलं, "हसू नका वैनी, दात येतील फोटोत," त्यावर ती जास्तच हसली.

प्लायवूडचा तो चंद्र चांगदेवांनीच कापून चंदेरी रंगवला होता. शिवाय एक झोपाळा होता, पाठीमागे वेणी दिसावी म्हणून मोठा आरसा होता, आणि कमळांच्या तळ्याचा रंगवलेला पडदा होता. हे सगळं जुन्नरातही मिळायचं, मंचरलाही मिळायचं. तरी दोन्ही तालुक्यांतल्या सासवा सुनांना घेऊन इथे यायच्या, त्या साळुबाईंसाठी. साळुबाईंनी बसवलेल्या बाईचं पोट फोटोत दिसत नसे. चंद्राचं टोक, धनुष्याची दांडी, ओटीचं ताट, पदराची घडी, काही ना काही बरोबर तिथे येई. सातव्यातली बाई नव्या नवरीसारखी दिसे. साळुबाई म्हणत, लेकरू अजून देवाच्या ओंजळीत आहे. ते खाली उतरेपर्यंत कुणाची नजर त्याच्यावर पडू नये, मग ती कॅमेऱ्याची का असेना. सोमवार, चतुर्थी, एकादशी त्या पाळत, तसंच हेही पाळत. दिलेला शब्दही तसाच पाळत. शब्द म्हणजे उदक सोडलेलं, ते माघारी ओंजळीत येत नाही, असं त्यांच्या आईने शिकवलं होतं.

रोल संपेपर्यंत कॅमेऱ्यातच राहिला. मग लग्नसराईत भरला, पुण्याला धुवायला गेला आणि वैशाखात पाकिटं आली. वैजंताचं पाकीट न्यायला कुणी आलं नाही. आली ती ठमाबाई, रिकाम्या हाताने, आणि पायरीच्या खालीच थांबली.

"वर या की."

"नाय येत. आमाला विटाळ हाय." ठमाबाईने पदराने तोंड पुसलं. "आठव्यातच कळा आल्या तिला. पोरगी व्हती. रडलीच नाय."

साळुबाई खाली उतरल्या आणि तिच्या शेजारी पायरीवर टेकल्या. बराच वेळ समोरून टोमॅटोचे टेंपो जात राहिले.

"ते फोटो जाळून टाका," ठमाबाई म्हणाली. "त्या काळ्या पट्ट्यापण."

"जित्या सवाष्णीचा फोटो जाळायचा कसा ठमाबाई? मी नदीला सोडते. देवाची जुनी तसबीर सोडतो तशी."

"सोडा. पर तिच्या हातात पडू देऊ नका. नुसती बसून असती बघा, भिताडाकडं तोंड करून. माझी दोन गेली अशीच, अमृताच्या आदी. आमच्यात कुणी नाव काढलं न्हाई त्यांचं. नाव काढलं का पुढची कूस धरत न्हाई." ती थांबली. "शबूद द्या मला."

"दिला," साळुबाई म्हणाल्या.

पण मीना नदीला पाणी नव्हतं. डबक्यात सोडले तर पोरं काढून घेतील, म्हणून पाणी यायची वाट बघत पाकीट फळीवर राहिलं.

आणि एका दुपारी वैजंता आली. एकटी. चांगदेव लग्नाच्या ऑर्डरीवर ओझरला गेले होते. उन्हात चालून तिचा चेहरा पांढरा पडला होता. छातीवरून पदर दुहेरी घेतला होता, तरी ओलाव्याचे डाग वर आले होते. दुधाचे. साळुबाईंनी नजर वळवली.

"सव्वा महिना झाला न्हाई तोवर भाईर कशी आलीस पोरी?"

"डॉक्टरला टाकं दाखवायला आणलंय. हे रसाच्या दुकानात बसल्यात. त्यांला म्हनलं, बांगड्या भरून येते." वैजंता भिंतीला धरून बसली. "काकी, माझं फोटो द्या."

"तुझ्या सासूला मी शबूद दिलाय. तुझ्या हातात देणार न्हाई म्हणून."

"मंग हातात नका देऊ."

साळुबाई फळीपाशी गेल्या. मग त्यांनी पाकीट काढलं आणि एकेक फोटो टेबलावर मांडला, पत्ते मांडावेत तसा. वैजंताने दोन्ही हात मागे घेतले आणि वाकून पाहू लागली. चंद्रावरचा. धनुष्यबाणाचा. झोपाळ्यावरचा, मांडीवर ओटीचं ताट. आरशापुढचा, त्यात मोगऱ्याने मढलेली वेणी. सगळे झकास आले होते. साळुबाईंना स्वतःलाही तसंच वाटलं, आणि मनातल्या मनात त्या शरमल्या.

वैजंताने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. एका फोटोवर नाक टेकेल इतकी वाकली.

"काकी, ह्यात ती कुठंय?"

साळुबाई तिच्या बाजूला येऊन वाकल्या.

"मला दाखवलीच न्हाई. मी गुंगीत व्हते. उठले तवा ही मानसं माती देऊन, हातपाय धुऊन बसल्याली. मला वाटलं, फोटोत तरी आसंल. फोटोत तरी मी तिच्यासंगं आसंल." तिचा आवाज चढला नाही, हिशेब न लागणाऱ्या माणसासारखी ती सावकाश बोलत होती. "तुमी म्हनत व्हता, हालू नको. मी नव्हते हालत काकी. ती हालत व्हती."

साळुबाईंनी एकेका फोटोकडे पाहिलं. वीस वर्षं ज्या कसबासाठी बायका त्यांच्या पाया पडत होत्या, ते कसब टेबलावर नीट मांडलेलं होतं. कुठेही, कणभरही, लेकरू दिसत नव्हतं.

"पोरी, नजर लागू नये म्हणून गं…" त्या म्हणाल्या.

वैजंता उठली. रंगवलेल्या पडद्याकडे गेली नाही. खिडकीपाशी, चुना उडालेल्या भिंतीला जाऊन उभी राहिली.

"पोट आजून उतरलं न्हाई माझं. थोड्या दिसांनी हेपण जाईल. तवर एक काढा."

सोमवार होता. साळुबाईंचा उपास होता, संध्याकाळची पूजा व्हायची होती, आणि समोर सव्वा महिना न झालेली बाळंतीण. शिवली तर पुन्हा अंघोळ. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्या पुढे गेल्या, वैजंताच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला आणि तिचे केस कानामागे सारले. चांगदेवांचा जुना कॅमेरा स्टँडवर होता. साळुबाईंनी आजवर तो कधी चालवला नव्हता. पण पाहून पाहून हाताला माहीत होता.

बसवायचं मात्र त्यांना सुचेना. कुठे हात ठेवायला सांगावा, मान कुठे वळवावी, काहीच. शेवटी वैजंताच खिडकीकडे आडवी वळली. खांद्यावरचा पदर तिने मागे टाकला, सैलावलेल्या पोटाखाली एक हात धरला, भरल्या घागरीच्या बुडाला धरतात तसा, आणि दुसरा वर ठेवला.

"कुठं बघू?"

"तुला बघायचं तिकडं बघ," साळुबाई म्हणाल्या.

तिने खाली पाहिलं.

साळुबाईंनी बटण दाबलं, आणि खात्रीला म्हणून आणखी एक काढला.

"धुऊन आला का कुठं ठेवशील?"

"मी कुठं ठेवू? पेटीची चावी असती सासूकडं, आत्याबाईंकडं. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. बाजाराला आले का बघून जाईन."

पाणी आल्यावर साळुबाईंनी जुने फोटो हळदीकुंकू वाहून नदीला सोडले. शब्द त्या फोटोंचा दिला होता. ह्याचा दिला नव्हता. चांगदेवांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "उजेड बरा घेतलायस."

वैजंता बाजाराच्या दिवशी येऊ लागली. पिशवी पायाशी ठेवायची, फोटो मांडीवर घ्यायचा, बोलायचं नाही, मग पदराने पुसून परत द्यायचा आणि भाजी घ्यायला जायचं. पाऊस गेला, दिवाळी गेली. एखाद्या आठवड्यात ती आली नाही तर साळुबाई दाराकडे पाहत राहायच्या.

माघात ठमाबाई आली. ह्या खेपेला थेट आत आली आणि बाकावर बसली.

"आमची सून तुमच्यात येऊन बसती म्हनं. बाजारच्या बायका सांगत्यात. येवढं काय हाय तुमच्यात?"

खोटं बोलायचं साळुबाईंना जमत नसे. त्यांनी फोटो काढून तिच्या हातात दिला.

ठमाबाईने तो लांब धरला, मग जवळ घेतला. फुलं नाहीत, धनुष्य नाही, भिंतीचे पोपडे.

"हा कवाचा?"

"नंतरचा."

ठमाबाईला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी ती आणखीच ताठ बसली. साळुबाईंना वाटलं, आता ही फाडणार. पण तिने अंगठ्याने फोटोची कड नुसतीच चोळली.

"म्या आंघूळ घातलती तिला," ती खालच्या आवाजात म्हणाली. "त्या सिस्टरनी तशीच दिलती गुंडाळून. म्हनलं, अशी कशी धाडू. कोमट पाणी मागून घेतलं. जावळ लई व्हतं. काळंभोर. जिवणी पार अमृताची. निजलीये आसंच वाटत व्हतं."

"हे तिला सांगितलंत?"

"न्हाई."

"ती आजून लेकीला हुडकती हो."

"हुडकू दे. सांगून काय ती माघारी येनार हाय? आता पुन्ना दिवस गेल्यात तिला. तिसरा लागलाय. मला हे धडपनी पार पाडायचंय." ठमाबाईने फोटो पालथा करून टेबलावर ठेवला. "मी बोलले ते तिच्या कानावर जाऊ देऊ नका. शबूद द्या."

साळुबाईंनी फोटो उचलून पाकिटात घातला.

"साळुबाई. शबूद द्या मला."

"तुमची जीप भरली आसंल," साळुबाई म्हणाल्या. "उशीर हुईल."

ठमाबाईने पदर सावरला. मग गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि मागे न बघता निघून गेली.

त्या रात्री साळुबाईंना जेवण गेलं नाही. सांगावं, तर त्या पोटातल्या जिवाला काही झालं म्हणजे पाप कुणाच्या माथी? न सांगावं, तर ती पोर जन्मभर भिंतीकडे बघत बसणार. देवापुढे त्या बसल्या, पण देव काही बोलला नाही.

बाजाराच्या दिवशी वैजंता आली. तोंडावर थोडी तकाकी आली होती. साळुबाईंनी दार लोटून घेतलं, फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसल्या.

"तुझ्या लेकीला जावळ लई व्हतं," त्या म्हणाल्या. "काळंभोर. जिवणी अमृतावर गेलती. तुझ्या सासूनं आंघूळ घातली तिला. तशीच न्हाई धाडली."

वैजंता हलली नाही. फोटोतल्या आपल्या पोटाकडे ती इतका वेळ पाहत होती की साळुबाईंनी घाबरून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कुरळं व्हतं का?" तिने विचारलं.

ते विचारायचं साळुबाईंना सुचलंच नव्हतं.

"ठाऊक न्हाई गं."

वैजंताने फोटो पदराने पुसला, परत दिला आणि उठली.

"आत्याबाई घरीच हायत आज," ती म्हणाली. "मीच इचारते त्यांला."

साळुबाई दारात आल्या. रिकामी पिशवी काखेत धरून, बाजाराकडे न वळता, ती एक हात पोटावर ठेवून सरळ पारगावच्या जीपकडे चालली होती.