कमानीवरचं कोरं पान

मित्रांनो, बुखारा शहरातल्या एका कार्यशाळेच्या कोपऱ्यात, पाठीवर काळं फडकं घेऊन उभा असलेला जुना कॅमेरा म्हणजे मी. अक्रोडाची पेटी, चामड्याचा भाता, पितळी कड्यात बसवलेलं भिंग आणि खाली लाकडाचे तीन पाय. उभं राहणं हा माझा धंदा, आणि खरं सांगू का, उभं राहणं हीच माझी शिक्षा! कारण स्वभावानं मी अगदी चुळबुळ्या. माझी पेटी युनूस सुतारानं घडवली. सगळा जन्म त्यानं लेकरांचे पाळणे बनवले होते. पाळण्याला सवयीच्या त्या हातांतून डुलण्याची ओढ माझ्या लाकडातही उतरली असावी. वारा आला की मी करकरतो, गाढवाची गाडी शेजारून गेली की माझं भिंग थरथरतं.

तशात मला सगळं जग उलटं दिसतं. घुमट माझ्या काचेवर कटोऱ्यासारखे खाली लोंबतात. मला नेहमी वाटतं, माणसं ज्याला घुमट म्हणतात, तो त्या दात्यापुढं पसरलेला कटोराच आहे. सुलटं बघणाऱ्यांच्या ते ध्यानात येत नाही, एवढंच.

पडक्या इमारती दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेत मला आणलं, तेव्हापासून मी तिथं फोटो काढणाऱ्या सनोबरच्या हाती आहे. मदरसे, मिनार, हौदाच्या पायऱ्या, करकोच्यांची रिकामी घरटी, काय काय म्हणून टिपलं आम्ही! तिची पद्धत ठरलेली. आधी काळ्या-पांढऱ्या फोटोची काच, मग रंगीत फिल्म. काचा स्वस्त आणि भरपूर, रंगीत फिल्म मात्र ताश्कंदहून वर्षातून दोनदाच यायची. काळं फडकं डोक्यावर ओढण्याआधी ती मला दर वेळी दटावायची, "हलू नकोस हं, म्हाताऱ्या!" आणि मी सगळा जीव गोळा करून तिच्यासाठी स्थिर राहायचो. "या फोटोत विटा मोजता येतात," असं इंजिनिअर म्हणाले, त्या दिवशी तर माझा भाता फुगून फुटायचाच बाकी होता.

पण मित्रांनो, कौतुक माझ्या भिंगाचं होई, पायांकडं कोण बघतो? डाव्या पायाचा स्क्रू झिजून सैल झाला. सनोबरनं नानच्या पुडक्याची दोरी सोडून त्याला करकचून बांधली आणि म्हणाली, "उद्या बघू." तो उद्या दोन वर्षं आला नाही.

मग एका वसंतात भूकंप झाला. तुतीच्या झाडांच्या मोहल्ल्यात एक लहानशी मशीद होती. नमाज बंद होऊन कित्येक वर्षं तिथं कापसाच्या गोण्या भरलेल्या असत, तरी म्हातारी माणसं तिच्यासमोरून मान झुकवूनच जात. तिच्या दाराच्या कमानीवर पिवळट विटेत बसवलेली, चकचकीत फरशीच्या एकेचाळीस पानांची वेल होती, काही पानं निळी, काही पांढरी. फरशीकाम करणाऱ्या उस्तो, म्हणजे उस्ताद, एशनियाजच्या आजोबांनी ती घडवली होती. भूकंपानं ती भिंत पुढं झुकली.

"सनोबर, आज सगळं टिपून घे," उस्तो म्हणाले. "भिंत उतरवू, पुन्हा उभी करू. पण पान न् पान जिथल्या तिथं बसायला हवं. आजोबांना वर जाऊन तोंड दाखवायचंय मला."

"टिपते की. पण रंगीत फिल्म एकच उरलीय, उस्तो."

"मग एकदाच नीट टिप!"

काळी-पांढरी काच झकास निघाली. मग रंगीत. दारावर सावली, त्यामुळं भिंग आठ मोजेपर्यंत उघडं ठेवायचं होतं. "हलू नकोस हं, म्हाताऱ्या," म्हणत सनोबर मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. वाळवंटाकडून वाऱ्याचा झोत आला. पाच. दोरी सरकली. माझा डावा पाय बोटभर घसरला, आणि मी हललो! आयुष्यभर जे आतल्या आत दाबलं होतं, ते नेमकं तेव्हा बाहेर आलं.

दुपारी जमीन पुन्हा हलली आणि ती भिंत आडवी झाली. देवाच्या दयेनं कुणी खाली नव्हतं. पण वेलीचा चुरा झाला. उस्तोंनी गुडघ्यांवर बसून तुकडे वेचले आणि दोन पोती भरून घरी नेले.

रंगीत फोटो धुवून आला, तेव्हा सनोबरनं तो एकदाच पाहिला आणि खणात तळाशी घालून कुलूप लावलं. उस्तोंना तिनं फक्त काळा-पांढरा दिला. "रंगीत?" त्यांनी विचारलं. "बिघडला," ती म्हणाली आणि काचा पुसू लागली. त्या कुलपाचा आवाज मला रोज ऐकू यायचा. तिलाही येत असावा, कारण ती मला दटावायचीसुद्धा बंद झाली.

काळ्या-पांढऱ्या फोटोत गडद विटेवर एकेचाळीसच्या एकेचाळीस पानं पांढरी होती. उस्तोंनी साठ वर्षं त्या दारासमोरून ये-जा केली होती, पण मान झुकवून, त्यामुळं कुठलं पान कुठल्या रंगाचं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. चहाखान्यात चौकशी केली, तर तिथं वेगळीच जुंपली.

"दारावरचं पहिलं पान निळं होतं," रजब बाबा म्हणाले. "माझ्या लग्नाच्या दिवशी मी पाहिलंय!"

"लग्नाच्या दिवशी तू वर कुठं बघत होतास?" शेजारचा म्हातारा म्हणाला. "नवरीच्या पायांतल्या जोड्यांवरून तुझी नजर हटत नव्हती!"

सगळा चहाखाना हसला. उस्तो तेवढे हसले नाहीत. फोटो खोटं बोलत नाही असं म्हणत त्यांनी पांढरी पानं भट्टीत भाजायला घेतली. चाळीस झाली. एकेचाळीसाव्याच्या मापासाठी त्यांनी पोत्यातले धुळीनं माखलेले तुकडे धुतले आणि ते तडक कार्यशाळेत आले. मुठीत निळ्या फरशीचे तुकडे होते.

"सनोबर, सगळी पानं पांढरी, तर माझ्या पोत्यात हे निळं कुठून आलं?"

ती हळूच म्हणाली, "या जुन्या काचा निळ्याला पांढरंच दाखवतात, उस्तो. मला ठाऊक होतं. सांगितलं असतं, तर तुम्ही रंगीत मागितला असता."

तिनं खणाचं कुलूप काढलं. माझं लाकूड करकरलं. उस्तोंनी फोटो हाताभर लांब धरला.

"हा फोटो आहे का घुसळलेलं ताक?"

"पायाचा स्क्रू सैल होता. दोन वर्षं मी उद्या, उद्या करत राहिले. माझी चूक आहे."

उस्तो बराच वेळ डोळे किलकिले करून बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, माझ्या डोळ्यांना हल्ली सगळं असंच दिसतं. या फोटोशी माझी जुनी ओळख आहे! रेघ दिसत नाही, पण रंग बघ की. हा निळा ढग, हा पांढरा, हे दोन निळे."

दोघांनी तिथंच जमिनीवर बैठक मारली. एकीकडं काळा-पांढरा, एकीकडं रंगीत. त्यानं रेघ द्यायची, यानं रंग. हिरवा चहा निवत गेला आणि वेल पानापानानं परत आली. पहिलं पान पांढरं निघालं, रजब बाबांना सांगायची सोय राहिली नाही! चाळीस पानं लागली. शेवटच्या, कोपऱ्यातल्या पानाशी मात्र मी इतका हललो होतो की निळं आणि पांढरं एकमेकांत विरघळून गेलं होतं.

"निळं करू या," सनोबर म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल. आजोबांना कळेल. आणि ज्याच्या दारावर लावायचं, त्याला आधी कळेल. जे दिसलं नाही, ते मी लावणार नाही."

शरद ऋतूत कमान उभी राहिली. चाळीस पानं झळाळत होती आणि एक कोरं होतं, नुसती भाजकी माती. त्या दिवशी सनोबर मला तिथं घेऊन आली. डाव्या पायात नवा पितळी स्क्रू होता. भिंग पुसण्याआधी तिनं वाकून तिन्ही पाय हलवून पाहिले. मग कित्येक महिन्यांनी तिचं दटावणं कानी पडलं, "हलू नकोस हं, म्हाताऱ्या." आठ मोजेपर्यंत मी श्वाससुद्धा घेतला नाही, मित्रांनो.

आता हलके, चपळ कॅमेरे आलेत आणि मी बहुतेक वेळ कोपऱ्यात असतो. चुळबुळ अजून गेलेली नाही. तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्यासाठी जे मुकाट्यानं उभे राहतात, मग ती वस्तू असो की माणूस, त्यांचे पाय एकदा तपासून बघा. उद्या नको, आजच बघा.

आणि त्या मशिदीपाशी कधी गेलात तर पाहा. लोक अजूनही मान झुकवतात, पण त्यानंतर वर बघतात. प्रत्येक जण ते कोरं पान शोधतो, आणि ते शोधता शोधता त्याची बाकीची चाळीस पानं पाहून होतात.