सहा उभ्या, सहा आडव्या

आमच्या वन्सं गेली एकोणीस वर्षं एका प्रयोगशाळेत ओढायचं मशीन चालवतात. धातूची कांडी दोन जबड्यांत धरायची, तुटेपर्यंत ओढायची आणि किती जोर लागला ते लिहायचं. माणसांशीही त्यांचं साधारण असंच असतं. त्याच प्रयोगशाळेत मी कांड्या कापून, घासून चकचकीत करते आणि मायक्रोस्कोपखाली बघते. शिकले ती बघून बघूनच.

त्या दिवशी निकेलच्या मिश्रधातूच्या बारा कांड्या आल्या. बारीक भुकटी लेसरनं वितळवत, थरावर थर चढवून छापलेल्या. भुकटी एक, छापणारं यंत्र एक. सगळे एकाच माळेचे मणी! पण सहा कांड्या कमी जोरातच सैल पडल्या आणि लांबलचक ताणल्या जाऊन मग तुटल्या. उरलेल्या सहा ताठ राहिल्या नि फटकन गेल्या.

साहेब म्हणाले, "मशीन म्हातारं झालंय. संध्याकाळी भंगारवाला येईल. ताई, उद्यापासून तुम्ही कोठीघर सांभाळा."

वन्सं मशीनला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आधी मला ओढा. बघू कोण आधी तुटतं ते!"

मी टेबलावरच्या डब्याकडे बघितलं. कांड्या दोन पाकिटांतून आल्या होत्या, आणि मी त्या बिस्किटांच्या एकाच डब्यात ओतल्या होत्या. पाकिटांवर काहीतरी लिहिलेलं होतं खरं. पण ती कधीच कचऱ्यात गेली होती. आणि वन्संसमोर चूक कबूल करायची, म्हणजे पुढची वीस वर्षं ती ऐकायची.

गुपचूप दोन्ही तऱ्हांचा एकेक तुकडा उचलला. कापला, घासला, आम्लात बुडवून मायक्रोस्कोपखाली बघितला. एकात धातूचे कण कांडीच्या लांबीनं खांबांसारखे उभे. दुसऱ्यात तेच खांब आडवे, शिडीच्या पायऱ्यांसारखे. कण वाढतात ते थर चढतात त्या दिशेनं. म्हणजे काही कांड्या उभ्या छापलेल्या, काही आडव्या. मशीन बिचारं खरंच बोलत होतं.

"साहेब, मशीन ठणठणीत आहे," मी म्हटलं. "उभ्या-आडव्या छापलेल्या कांड्या एकाच डब्यात मिसळल्या. डबा माझा."

साहेबांनी उरलेल्या दहाही बघायला लावल्या. सहा उभ्या, सहा आडव्या. मशीन राहिलं, वन्संही राहिल्या.

भंगारवाला मात्र आलाच होता. रिकाम्या हातानं कसा पाठवायचा? वन्संनी त्याला माझा डबा देऊन टाकला आणि माझ्याकडे वळल्या.

"एका आईची आम्ही दोघं. मी दिवसभर उभी, तुझा नवरा सोफ्यावर आडवा. घरात एवढं दिसत असताना तुला मायक्रोस्कोप लागला होय गं?"