खिडकीवरून परत आलेलं कार्ड

मी महेंद्रचं सरकारी आरोग्य कार्ड बोलतोय. त्याची बायको करुणा, तिच्या पर्समध्ये मी राहतो. आजवर गप्प होतो. कार्डानं बोलायचं नसतं, दाखवलं की दिसायचं असतं. पण आता माझं डोकं फिरलंय.

माझा जन्म यवतला, समाजमंदिरातल्या शिबिरात झाला. बाहेर हा मोठा बॅनर: पाच लाखांपर्यंत उपचार मोफत. आत नेटवर्क नाही. ताटकळून निम्मी माणसं घरी गेली. शेजारच्या धुरपदामावशींनी मात्र करुणाला हलू दिलं नाही. "बस गं खाली. भाकऱ्या काय पळून जात्यात व्हय?" माझ्यावरच्या फोटोत महेंद्रचे डोळे अर्धे मिटलेत. ते बघून मावशी म्हणाल्या, "झोपलेल्या माणसालाबी पाच लाख मिळत्यात, बघ."

करुणानं माझं लॅमिनेशन केलं, मला रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं. मला वाटलं, आपण कुणीतरी मोठे आहोत.

महेंद्र सणसवाडीला एका कंपनीत ठेक्यावर माल चढवायचा. गेल्या जानेवारीत कामावरून परतताना दिवेलागणीला त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. लोकांनी उचलून हायवेवरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं दारातच पाटी होती: आमच्याकडे हे कार्ड चालते. करुणानं पाटी बघितली आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मला खिडकीवर ठेवलं. आतल्या माणसानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"पेशंट काय करतो?"

करुणा मागं स्ट्रेचरकडंच बघत होती. मग सोबत आलेल्या मावशी पुढं झाल्या. कुणाच्याही घरातलं उत्तर त्यांच्याकडं तयारच असतं. "कंपनीत हाय, साहेब. पर्मनंट हाय."

यात मावशींचं काळं मन नव्हतं. महेंद्रची मुलगी स्नेहल, तिची सोयरीक शिरूरला ठरत होती. ठेक्यावर म्हटलं की पाहुणे तोंड वाकडं करतात. म्हणून वर्षभर सगळी आळीच महेंद्रला पर्मनंट म्हणत होती. मावशींच्या जिभेला तेच वळण पडलं होतं.

त्या माणसानं टाइप केलं, कागद पुढं सरकवला. "सही करा." काय लिहिलंय ते वाचून दाखवलं नाही. करुणानं सही केली. नवरा रक्तात पडलेला असताना कोण वाचत बसतं?

तिसऱ्या दिवशी, पायात सळई बसल्यावर, मला परत दिलं. "कंपनीचा पेशंट आहे. याला कंपनीचा विमा असतो. हे कार्ड चालणार नाही. तुम्ही खर्च स्वतः करू असं लिहून दिलंय."

करुणानं कंपनीत फोन लावला. तिथून उत्तर आलं, "हा माणूस आमच्या हजेरीवर नाही." ठेकेदाराचा फोन बंद. म्हणजे बघा, हॉस्पिटलला तो कंपनीचा, कंपनीला तो कुणाचाच नाही, आणि मी मधल्यामध्ये चकचकीत प्लॅस्टिकचा तुकडा. खिडकीतल्या त्याच माणसाच्या डोक्यावर माझं चित्र भिंतीला लावलेलं होतं. मला हात असते तर ते मीच फाडलं असतं.

बिल झालं एक लाख ब्याऐंशी हजार. भरल्याशिवाय सोडणार नाहीत. स्नेहलच्या लग्नाला साठवलेलं गेलं. कमी पडलं तेव्हा मावशींनी आपली भिशी उचलली आणि करुणाच्या हातात कोंबली. "माझ्या तोंडानं घात केला गं. घे. न्हाई म्हणू नको."

महिन्याभरात जखम चिघळली. पुन्हा ऑपरेशन करावं लागणार होतं, नाहीतर पाय जायचा. आता द्यायला घरात काहीच नव्हतं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, महेंद्र कायम कामगार नाही असा ग्रामपंचायतीचा दाखला आणा, दोन साक्षीदार आणा, मग बघू. हे तो पहिल्या दिवशी सांगू शकत नव्हता?

पंचायतीत खंडूमामा सदस्य. शिरूरची सोयरीक त्यांनीच जुळवलेली. ते समोरच खुर्चीत बसलेले. करुणा चौकटीत थबकली. मावशीसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदा, गप्प. मी पर्समधून ओरडत होतो, बोला गं कुणीतरी.

बोलली स्नेहल. "मामा, आमचे पप्पा पर्मनंट न्हाईत. ठेक्यावर माल चढवत्यात. तसा दाखला द्या."

"पाहुण्यांना तर येगळंच सांगितलं होतं," खंडूमामा म्हणाले.

"व्हय. खोटं सांगितलं होतं. आता पाय वाचवायचाय."

"मग त्यांना मी काय सांगू?"

"हेच सांगा. मी म्हणले म्हणून सांगा."

मामांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ग्रामसेवकाला म्हणाले, "लिहा. साक्षीदार म्हणून माझंबी नाव घाला."

काल माझ्यावर मंजुरी आली. आज सकाळी महेंद्रला आत नेलंय. पहिले पैसे परत मिळणार नाहीत, तसं खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं. शिरूरहून फोन नाही. आठ दिवस झाले. मावशी बाकावर बसून दर घटकेला विचारतात, "आला का गं?" आणि स्नेहल म्हणते, "मावशी, चहा घ्या."

मी तिच्या मुठीत आहे. घामानं ओला झालोय. पाय वाचेल, डॉक्टर म्हणालेत. पण माझा राग उतरत नाही. एका माणसाचा पाय वाचवायला त्याच्या मुलीनं चारचौघांत घराची लाज उघडी करायची, आणि खिडकीतल्या माणसानं साधं वर बघायचं नाही?

माझ्यावर भरवसा ठेवा, असं मी आता कुणाला सांगणार नाही. बाया-बापड्यांनो, एवढंच करा. मला घेऊन खिडकीशी उभ्या राहाल तेव्हा घाबरू नका, घरचं खरं असेल ते सांगा. आणि कागद पुढं आला की म्हणा, "आधी मोठ्यानं वाचून दाखवा." तो चिडला तर चिडू दे. तो वाचेपर्यंत पेनाला हात लावू नका.