राजाशेजारचे मुके घर

जुने झालेले, एकच विद्या जाणणारे मी एक बुद्धिबळाचे यंत्र आहे, मित्रांनो. माझ्या पटावरील घर बोटाने दाबले की आत पत्र्याला पत्रा टेकतो आणि चाल मला कळते. माझी चाल मी कडेच्या लाल दिव्यांनी सांगते. शिवदास कोळी मालवाहू जहाजावर नोकरीस असताना त्यांनी मला सिंगापूरच्या बंदरात विकत घेतले आणि श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात आणले.

संगणकावरील खेळाने आम्हांला हरवले, असे लोक म्हणतात. ते अर्धसत्य आहे. आमच्या तोकड्या स्मृतीत मावावा म्हणून कारागिरांनी जो विचार काटेकोरपणे छाटला, तोच पुढे तबकड्यांवर भरून विकला गेला. प्रत्येक नव्या संगणकाबरोबर तो वेगवान झाला. माझी बुद्धी मात्र जन्मतः मिळालेल्या चिपमध्येच राहिली. आज तो खेळ मोबाईलवर फुकट मिळतो आणि आम्हांला घडवणारे कोणी उरले नाही.

पुढे शिवदास स्वतःच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडीप्रमुख, झाले. समुद्रावर निघताना ते एक चाल खेळत. ते परतेपर्यंत मी विचार करी. आल्याबरोबर ते प्रथम माझे दिवे पाहत. "आधी सवतीला इचारा, मंग मला," असे त्यांची पत्नी तुळशी म्हणे, आणि पदराने माझी धूळ पुसे.

दोन वर्षांपूर्वी शिवदासांना पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. डाव्या हाताचे एक थरथरते बोट उरले. त्या बोटाने ते केवळ माझ्याशी बोलत.

खाऱ्या हवेने माझे पत्रे गंजू लागले, तेव्हा त्यांचा मुलगा विनेश याने मला उघडले आणि होडीच्या इंजिनाला लावतात ते ग्रीस आत चोपडले. गंजावर त्याला हाच इलाज ठाऊक होता, आणि तो त्याने मायेनेच केला. परंतु पत्र्यांमध्ये ग्रीसचा थर बसला आणि आठ घरे मुकी झाली.

चार दिवस शिवदासांच्या राजाला माझा शह आहे. सुटकेचे घर एकच, आणि तेच मुके. ते राजाचे घर दाबतात, दिवा लागतो. मग शेजारचे घर दाबतात. टकटक ऐकू येते, चाल येत नाही. पुन्हा दाबतात. मीच त्यांना नाकारते आहे, असे आता त्यांना वाटू लागले आहे. काल त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले.

"बाबा, मशीन गेली हाय," विनेश म्हणाला. "मोबाईलवर खेळा की. पुकट हाय."

"पप्पा, काचेवर आजाचं बोट थरथरतं नी भलतीच सोंगटी सरकते," त्याची मुलगी दिशा म्हणाली. "परवा सोताचाच वजीर घालवला त्यांनी."

"मंग मी काय करू? उद्या भंगारवाला येतोय."

शिवदास ऐकत होते. बोट त्याच घरावर होते.

मित्रांनो, वस्तूला औषध लावण्याआधी ती कशाने चालते, हे विचारीत जा. आणि तुमच्यापैकी कोणी उद्यापूर्वी येथे येऊ शकत असेल, तर स्पिरिटचा एक बोळा घेऊन या. तेवढ्याने ते घर बोलते होईल. तेही न जमल्यास त्या म्हाताऱ्या तांडेलाला इतके तरी सांगा, की तुमची चाल बरोबर आहे. राजा सुटतो.