एकविसावं नाव

"त्याच्या हाताकडं नको बघूस. गाडीवरना उतरतो कसा, तो बघ," दयाराम बाळाजीच्या कानाशी पुटपुटला.

मैदानाच्या कडेला मोटरसायकल थांबली होती आणि तिच्यावरून सहा फुटी गोलकीपर दीपेश उतरत होता. उजवा पाय त्याने गुडघ्यात न वाकवता सरळच सीटवरून फिरवला, खाली टेकवला आणि काहीच दुखलं नाही अशा चेहऱ्याने हसत पुढे आला. दयारामने काय ते ओळखलं. बंदरात ट्रेलर चालवून पोट भरणारा हा माणूस बावीस वर्षं खारवंडीच्या नवतरुण मंडळाची फुटबॉल टीम सांभाळत होता. त्या कामाचा पगार म्हणजे हरल्यावर मिळणाऱ्या शिव्या, आणि तो मात्र कधी थकला नव्हता.

"गुडघा गेलाय त्याचा," दयाराम म्हणाला. "आणि आठ महिने मॅच नाय खेलला."

"पन मोकला हाय ना?" बाळाजी म्हणाला. "फ्री एजंट! कंपनीने टीमच बंद केली त्याची. कोनाचा ना-हरकत पत्र नको, कोनाच्या पाया पडाला नको. फॉर्म भरला का आपला."

बाळाजीला जे आवडलं होतं, नेमकं तेच दयारामला खुपत होतं. कोणाला न विचारता येणारा माणूस कोणाला न विचारता जातोही. पण बाळाजी मंडळाचा अध्यक्ष, त्याचे सोळा ट्रेलर, आणि गावकीच्या सभेत त्याने साऱ्यांसमोर सांगून टाकलं होतं की टीम यंदा 'अ' गटातून खाली घसरली, तर मैदान ट्रेलरच्या पार्किंगला. 'ब' गटात खेळणाऱ्यांना दोन एकर कशाला? सभा गप्प बसली. ज्यांच्या बापांनी खाऱ्या जमिनीत डोक्यावरून माती वाहून ते मैदान केलं होतं, तेही गप्प बसले, कारण निम्म्यांची पोरं बाळाजीच्याच गाड्यांवर होती. टीम तेव्हा खालून दुसरी होती, आणि शेवटच्या दोन टीम खाली जाणार होत्या. दयारामने गुडघ्याकडे कानाडोळा केला आणि दीपेशला हो म्हणून टाकलं.

आता अडचण होती ती यादीची. जिल्हा लीगच्या यादीत वीसच नावं बसतात आणि वीस भरलेली होती. जानेवारीच्या पंधरा तारखेपर्यंत अदलाबदल करता येत होती, म्हणजे एक नाव कापल्याशिवाय एकविसावं घालता येत नव्हतं. दयारामने दोन दिवस यादी खिशात घालून फिरवली. दुसरा गोलकीपर बाळाजीचा पुतण्या, त्याला हात लावायची सोय नव्हती. बाकी कोणाचंही नाव कापलं तरी त्याची भावकी रुसून होळीला गावच्या पालखीपुढे उभी राहिली नसती. राहता राहिला सदू. चौदा वर्षं गोल राखणारा, मिठागरावर राबून बोटं चिरलेला सदू. त्याला भाऊ नाही, चुलते नाहीत, घरात म्हातारी सोनूबाई आणि बायको. त्याच्यासाठी भांडायला कोणी येणार नव्हतं. खेळ वाईट होता म्हणून नव्हे, मागे माणसं नव्हती म्हणून दयारामने सदूचं नाव कापलं, आणि हे त्याला त्याच क्षणी ठाऊक होतं.

सांगायला तो मिठागरावर गेला. सदू फावड्याने मीठ ओढत होता.

"चार-पाच म्हयन्यांचा प्रश्न हाय," दयाराम म्हणाला. "जूनला नवी यादी झाली का पयला नाव तुजा. आपला मैदान वाचवाला हवा ना?"

सदूने फावडं थांबवलं नाही. "मंग रविवारी मी काय करू, दादा?"

"ये की मॅचला. बाकड्यावर बस माज्या बाजूला."

सदूने पुढचा ढीग ओढायला घेतला. दयारामने लगेच पाय काढता घेतला.

आता या साऱ्यात एक गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नाही. दयारामच्या नाही, बाळाजीच्या नाही, सभेला बसलेल्या चाळीस शहाण्यांच्याही नाही. मोकळा खेळाडू म्हणजे बाहेरचा, हेच त्यांना माहीत. खारवंडीत जन्मलेला माणूस खारवंडीकडूनच खेळणार, नाव कापलं तर घरी बसणार, त्यात विचार कसला करायचा? लीगच्या कागदाला मात्र गाव कळत नव्हतं. त्या कागदाच्या लेखी सदू आता दीपेशइतकाच मोकळा होता. खाडीपलीकडच्या वेलखारच्या लोकांनी तो कागद नीट वाचला. सदूची बायको प्राप्ती वेलखारची. पंधरा तारखेला संध्याकाळी पाच वाजता, मुदत संपायच्या जरा आधी, वेलखारने आपल्या जावयाचा फॉर्म भरला.

गावात आधी हशा झाला, मग संताप. "सासऱ्याच्या ताटातला गोड लागतो त्याला," असं पारावर बोललं गेलं. सोनूबाईला नळावर दोन बायकांनी टोमणे मारले. दयाराम बोलणाऱ्यांत नव्हता, पण त्यांना गप्पही त्याने केलं नाही.

दीपेश खेळला मात्र छान. गुडघ्याला पट्टी बांधून त्याने पाच मॅच गोल राखला, आणि टीमने त्यातल्या दोन जिंकल्या. बाळाजीने त्याला फेटा बांधला. शेवटची मॅच उरली ती वेलखारशीच, त्यांच्या मैदानावर. वेलखारही तळालाच होतं. बरोबरी झाली तरी खारवंडी वाचणार होती. हरली तर खारवंडी खाली आणि वेलखार वर.

शुक्रवारी दुपारी दीपेशचा फोन आला. "दादा, सॉरी हां. नवी मुंबईत अकॅडमीत कोचचा चान्स भेटला. सोमवारी जॉइन व्हायचंय. रविवारी गुडघ्याला परत काय झालं तर तो पण हातातून जाईल. समजून घ्या."

दयारामने समजून घेतलं. दुसरं करणार काय? त्याला बांधणारं काहीच कोणाकडे नव्हतं. फोन ठेवल्यावर तो स्वतःवरच चिडून हसला, कारण पहिल्या दिवशी त्याने हेच ओळखलं होतं.

शनिवारी बाळाजी घरी आला. गोलमध्ये पुतण्याला उभं करावं लागणार हे कळल्यापासून त्याचाही धीर सुटला होता. "सदूला भेट तू. गावचा पोर हाय तो. तुजा शबूद नाय टालनार. जरासा... समजलास ना?"

दयारामला समजलं. त्याने नाही म्हणायला हवं होतं. रविवारी सकाळी तो सदूच्या ओट्यावर जाऊन बसला. प्राप्तीने चहा आणला, आणि एरवी हसून बोलणारी ती मुलगी कप ठेवून तशीच आत गेली. सदू बुटांना नाड्या ओवत होता.

"मैदान जाईल, सदू," दयाराम म्हणाला. "आपला मैदान. आज तू जरा... गावाचा इचार कर."

सदूने नाडी ओढून घट्ट केली. "नाव कापलास तवा मी गावचा नव्हतू?"

"अरे, तवा इलाज नव्हता."

"व्हता. पुतन्याचा कापाला पायजे व्हतास. तुना मायती हाय, तो गोल राखू शकत नाय. मना पन मायती हाय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मी मॅच खेलाला चाललोय, दादा. तू चा पी."

दयाराम कप तसाच ठेवून उठला.

पुतण्याने विसाव्या मिनिटाला हातातला बॉल सोडला आणि वेलखारचा गोल झाला. त्यानंतर खारवंडीची पोरं जीव तोडून खेळली. दहा मिनिटं उरली असताना त्यांना पेनल्टी मिळाली. कॅप्टन नामाने बॉल ठेवला. नामा नेहमी आपल्या डावीकडे मारतो. ते सदूला पाठ होतं, कारण चौदा वर्षं सरावात गोलमध्ये तोच उभा असायचा आणि नामा त्याच्यासमोर मारतच मोठा झाला होता.

"नामा, उजवीकडं!" ही खूण दयारामने हाताने केली, पण करता करताच त्याला कळलं की आपण असंच सांगणार हेही सदूला ठाऊक असणार. मग बावीस वर्षांचा कोच जे कधी करत नाही ते त्याने केलं. समोरचा कीपर मुद्दाम चुकावा म्हणून त्याने मनातल्या मनात सदूची विनवणी केली. सदू, बाबा, एकदाच. स्वतःची लाज वाटली, तरी विनवणी थांबली नाही.

नामाने उजवीकडे मारला. सदूही त्याच बाजूला झेपावला आणि बॉल दोन्ही हातांनी छातीशी धरून मातीत पडून राहिला. तो ओरडला नाही, हात उंचावले नाहीत. उठला आणि बॉल लांब मारून खेळ पुढे सुरू केला.

मॅच एक-शून्यने संपल्यावर वेलखारची पोरं जावयाला खांद्यावर घ्यायला धावली. त्याने नको म्हटलं, सासऱ्यांच्या पाया पडला, बूट काढून चपला घातल्या आणि जेवणाला न थांबता निघून गेला. बाळाजी आपल्या गाडीत बसून कोणाशी तरी फोनवर बोलत होता. "सोमवारी डंपर पाठवून द्या खडीचे," एवढं दयारामच्या कानावर आलं.

परतीचा टेम्पो दयारामच चालवत होता. मागे पोरं बसली होती. वेलखारहून खारवंडीला येणारा रस्ता खाडीच्या बांधावरून जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खारजमीन, आणि मध्ये जेमतेम एक गाडी मावेल एवढी वाट. त्या वाटेवर सदू चालत होता. बूट नाड्यांनी एकमेकांना बांधून त्याने खांद्यावर टाकले होते. टेम्पोचा आवाज त्याला ऐकू आला असणारच. तो वळला नाही, थांबला नाही. बाजूला व्हायला तिथे जागाही नव्हती.

"दादा, हॉर्न द्या ना," मागून पुतण्या म्हणाला.

"तू गप बस," नामा म्हणाला.

दयारामने हॉर्नला हात लावला नाही. सदू आपल्या नेहमीच्या चालीने पुढे जात राहिला आणि गावाची वेस येईपर्यंत टेम्पो त्याच्या मागे पहिल्याच गिअरमध्ये होता.