भट्टी व्याली त्या वर्षीची गोष्ट

मी एक जुनं लाकडी फावडं आहे, भट्टीत रोट सारायचं आणि काढायचं. मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मीही ठेवला नसता. लाकडाला कुठले डोळे, असं कुणीतरी विचारेलच. माझ्या पात्यावर दोन गाठी आहेत, त्या काय शोभेला आहेत?

तर डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सफ्रूच्या जुन्या गावात, लोकर पिंजणाऱ्यांच्या गल्लीत, जी सार्वजनिक भट्टी आहे ती एका दुष्काळात रोज एक रोट व्याली. हो, व्याली. गाय व्यावी तशी. आणि सुईण मी होतो.

दाराशी ओट्यावर एक म्हातारी बसली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिचा रोट आत भाजतो आहे. तो होईपर्यंत ती डुलक्या काढते. कानांनीही अधू आहे, असं म्हणतात.

माझा जन्म डोंगरातल्या अक्रोडाच्या झाडात झाला. सुताराला माझी सुलतानाच्या पालखीची दांडी करायची होती. मी म्हटलं, नको बाबा, एकाच माणसाचं ओझं जन्मभर कोण वाहणार? तेव्हा त्याने मला तासून रुंद पातं दिलं, तीन पुरुष लांब दांडा दिला आणि बा जिलालीच्या हवाली केलं. बा जिलाली म्हणजे आमचा भट्टीवाला. भुवया जळून गेलेल्या, बोलणं थोडं, आणि हात असे की निखाऱ्यालाच चटका बसावा.

आमच्याकडे पीठ घरी मळतात आणि रोट भट्टीत भाजतात. सकाळी प्रत्येक घरातून एक फळी येते. फळीवर रोट, रोटांवर कापड. प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणी कंगव्याने टोचतं, कुणी अंगठा दाबतं, कुणी किल्ली उमटवतं. भट्टीत शंभर घरांचे रोट एकत्र नांदायचे आणि बाहेर येताना ज्याचे त्याच्या घरी जायचे. दुसऱ्याच्या पिठाला भट्टीवाल्याने बोट लावायचं नाही, हा आमच्या धंद्याचा धर्म. मजुरीचा रोट वेगळा मिळायचा, तेवढाच आपला.

माझी कीर्ती काय सांगू! तामो नावाची एक बाई गल्लीत राहायची, जिभेची तिखट आणि मनाची मऊ. तिच्या लग्नाचे रोट मी इतक्या चपळाईने भाजले की ते मांडवात पोचले तेव्हा घरी पीठ मळणं अजून चालू होतं. सगळे म्हणायचे, फावडं असावं तर असं.

मग दोन वर्षं पाऊस रुसला. अग्गाय नदीत पाण्याऐवजी नुसते गोटे उरले, चेरीच्या बागा वाळल्या. धान्याच्या बाजारात लोक पोती बघायला जायचे, जसं आजाऱ्याला बघायला जातात. दुष्काळ कुठवर आला हे मला सगळ्यांच्या आधी कळलं, कारण रोट मी उचलत होतो. आधी ते पातळ झाले. मग त्यात जव आले, मग कोंडा आला. तोंडं वाकडी करणाऱ्या पोरांना बा जिलाली सांगायचा, "अरे, जवाचा रोट रंगाने काळा असतो, पण पोटात गेला की दुपारपर्यंत जागचा हलत नाही. मैद्याचा म्हणजे पाहुणा, आला काय आणि गेला काय!"

आमच्या गल्लीत लल्ला यामना, म्हणजे यामनाबाई, राहायची. तिचा नवरा हद्दू गिरणीवर खेचरावरून पोती वाहायचा. वाटेत जिथे चूल थंड दिसेल तिथे तो आपल्या मजुरीतलं मूठभर पीठ उंबऱ्यावर ठेवून पुढे जायचा, मागे वळून न बघता. तो तापाने गेला. मागे यामना आणि तीन लहान मुलं. ज्या घराचा हात कायम देणाराच राहिला, त्या घराला हात पसरायचा कसा हे ठाऊक नसतं. एकदा कुणीतरी तिच्या दाराशी पिठाची थैली ठेवली. तिने ती मशिदीत नेऊन दिली आणि म्हणाली, "कुणा गरजूला द्या." बा जिलाली हे ऐकून भिंतीकडे तोंड करून बसला. "ही पोरगी मुलांना उपाशी मारेल, पण मान खाली घालणार नाही," तो मला म्हणाला.

एका सकाळी यामनाची लाल पट्ट्याच्या कापडाने झाकलेली फळी आली. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बा जिलाली, आज जरा खरपूस भाजा हं. धाकट्याला कडक आवडतो."

बा जिलालीने आतल्या अंधारात कापड उचललं. फळीवर नदीतले दोन चपटे गोटे होते.

मित्रांनो, झाकली फळी सव्वा लाखाची! फळी हलकी दिसू नये म्हणून गोटे. गल्लीला वाटावं की यामनाच्या घरी आजही पीठ मळलं गेलं.  मग "बिस्मिल्ला" म्हणून बा जिलालीने ते गोटे माझ्यावर ठेवले आणि मी ते भट्टीत सारले. रीतसर भाजले. एकदा फिरवलेसुद्धा. मग त्याने ते गरम गोटे फळीवर ठेवून वर ओला फडका टाकला, त्यावर तिचं कापड. वाफ यायला लागली.

"झाले गं पोरी. खरपूस."

यामना ती वाफाळती फळी डोक्यावर घेऊन गल्लीभर चालत गेली, ताठ मानेने.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोटे आले. बा जिलालीने ते काढले आणि आपल्या मजुरीचा रोट कापडाखाली ठेवला. यामना चार पावलं गेली आणि परत आली. फळी फार जड आहे की फार हलकी, हे तिच्या डोक्यालाच कळलं असेल. ती हळूच म्हणाली, "बा, चूक झाली तुमच्याकडून. ह्याच्यावर किल्लीची खूण आहे. हा कुणाचातरी रोट आहे, त्याची मुलं वाट बघत असतील." आणि ठेवून गेली. तिच्या धाकट्याचं मनगट तेव्हा माझ्या दांड्याहून बारीक झालं होतं.

खूण! आमच्याकडे रोटावर नाव नसतं, पण धनी असतो. बिनधन्याचा रोट आणायचा कुठून?

तिसऱ्या दिवशी तर कहरच झाला. आमच्या गल्लीत हज करून आलेली हाज्जा बतूल होती. नंबर एकची कंजूष. मांजरालासुद्धा ती माशाचा वास मोजून द्यायची. पोट नाजूक म्हणून पिठात बडीशेप घालायची, बाकी कुणाला चव कळू नये म्हणून रोट दडवून न्यायची. त्या दिवशी ती रांगेत यामनाच्या मागे उभी होती, डावी मूठ घट्ट मिटून. यामनाने फळी खाली ठेवली मात्र, बतूल वाकली आणि उजव्या हाताने त्या लाल पट्ट्याच्या कापडाचं टोक धरलं.

"बघू तरी गं काय मळलंयस," ती म्हणाली.

 यामनाचा चेहरा राखेसारखा झाला. आणखी बोटभर कापड उचललं असतं तर ते गोटे सगळ्या गल्लीला दिसले असते, आणि यामना मुलांना घेऊन त्याच दिवशी गाव सोडून गेली असती. अशा वेळी विचार करत बसणाऱ्यांतला मी नाही. भिंतीला टेकून उभा होतो, तिथून स्वतःहून झेप घेतली आणि धाडकन बतूलच्या पायाच्या अंगठ्यावर पडलो.

"आई गं! मेले! जिलाली, तुझं फावडं पिसाळलंय!"

"म्हातारं झालंय, हाज्जा. तोल जातो त्याचा."

"तुझाही गेलाय!" बतूल लंगडत बाहेर गेली. मूठ तशीच मिटलेली.

आणि नेमका त्याच वेळी, मित्रांनो, तो चमत्कार झाला. बा जिलालीने मला उचलून भट्टीत घातलं, आणि मी बाहेर आलो तो माझ्यावर एक रोट. लहानसा, वेडावाकडा, एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने पांढरा. खूण कुठलीच नाही. सगळ्यांचे रोट ज्याच्या त्याच्या फळीवर होते. हा जास्तीचा!

"भट्टी व्याली," बा जिलाली शांतपणे म्हणाला.

 तेव्हा तामो म्हणाली, "त्यात नवल काय? माझ्या आजीच्या वेळी जुळं झालं होतं हिला."

मिलूदा नावाची एक म्हातारी मागून म्हणाली, "जुनी भट्टी आहे, कधीमधी व्हायचंच. पण बाळ कुणाचं? रीत काय आहे, बा?"

"रीत अशी," बा जिलालीने जळक्या भुवया वर चढवल्या, "की व्याली त्या वेळी जी फळी भट्टीच्या तोंडाशी सगळ्यात जवळ, बाळ तिचं. दुसऱ्या कुणी घेतलं तर भट्टी रुसते, वर्षभर रोट कच्चे निघतात."

सगळ्यात जवळ लाल पट्ट्याचं कापड होतं.

यामनाने त्या रोटाकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे पाहिलं. तामो छताकडे बघत होती. मिलूदा आपल्या फळीवरची राख झटकत होती. राख नव्हतीच.

"भट्टी रुसायला नको," यामना म्हणाली आणि तिने रोट घेतला.

त्यानंतर भट्टी रोज व्यायला लागली. मी शपथेवर सांगतो, कुणी काही दिलं नाही, कुणी काही ठेवलं नाही. बायकांचे रोट बोटभर लहान झाले खरे, पण ते दुष्काळामुळे. भट्टीच्या मागच्या कोनाड्यात सकाळी पिठाचे गोळे दिसायचे खरे, पण ते उंदरांनी आणले असणार. आमच्याकडचे उंदीर कामसू. तो रोट दर वेळी कुठे कोंड्याचा, कुठे जवाचा, कुठे गव्हाचा निघायचा, ह्याचं कारण सरळ आहे. बाळ कुणाकुणावर जातंच. यामनाच्या धाकट्याच्या मनगटावर हळूहळू मांस चढलं, आणि ह्यातली मेख यामनाला आजतागायत कळलेली नाही. भोळी बिचारी!

मग एका शरदात पाऊस आला, आणि पुढच्या उन्हाळ्यात पीक. यामना पुन्हा खऱ्या पिठाची फळी घेऊन आली. त्या दिवसापासून भट्टीची कूस बंद झाली ती झालीच.

पुढे बा जिलाली गेला. माझं पातं चिरलं, त्याला पत्र्याची पट्टी ठोकली. आता त्याचा जावई भट्टी चालवतो. घरोघरी गॅस आला, दुकानात पिशवीतला पांढरा पाव आला. फुंकर मारली तर उडेल असा, आणि खाल्ला तर तासाभरात पोट विचारतं, पुढे काय? फळ्या कमी झाल्या. कधी कधी मी दिवसभर भिंतीला टेकून असतो, माझ्यावर कोळी जाळं विणतो. पण महागाई पुन्हा आली आहे, मित्रांनो. परवा एक फळी आली. कापड नवीन होतं, चेहरा अनोळखी, आणि फळी मला जरा जास्तच हलकी वाटली.

म्हणून माझं मागणं आहे. रोट जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावा. शिळा झाला तर टाकू नका. आणि आपली भट्टी थंड पडू देऊ नका, कारण गॅसची शेगडी एकट्या घराची असते, ती कधी व्यायची नाही. भट्टी मात्र व्यायची आपोआप, कुणीही काहीही न देता. मी स्वतः पाहिलं आहे, ह्या दोन डोळ्यांनी...

"खोटं!"

ओट्यावरची म्हातारी उठून उभी राहिली होती. दात गेले की माणसाला लाकडाचं बोलणं ऐकू येत असावं.

"ए थापाड्या! भट्टी व्याली म्हणे. आणि मला कळलं नाही म्हणे. अरे, पहिल्या घासालाच कळलं मला! खारट लागला तो तुकडा तामोचा, तिचा हात मिठाला कायम सैल. दातात अडकला तो मिलूदाचा कोंडा. जव बा जिलालीचे. भीक म्हणून दिलं असतं तर मी फेकून दिलं असतं. पण भट्टीच्या बाळाला नाही कोण म्हणणार?" तिने कमरेच्या फडक्यातून पिठाचा एक गोळा काढला आणि न थांबता सरळ मागच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. "त्या नव्या कापडवालीसाठी आहे. उंदरांना सांग हात लावू नका."

मग ती माझ्याकडे वळली.

"आणि चौथ्या दिवसापासून त्या रोटात बडीशेप यायला लागली. रोज. बडीशेप अख्ख्या गल्लीत एकटी बतूल घालायची. तेव्हा मला तिची ती मिटलेली मूठ आठवली. मूठभर पीठ होतं तिच्यात! ती कापड उचलत होती ते बघायला नाही रे, ते पीठ खाली सरकवायला. भट्टी व्यायच्या आधीच माझ्यासाठी तिचा हात पुढे आला होता. आणि तू, शहाण्या लाकडा, नेमका तिच्याच अंगठ्यावर पडलास!"